दुखणे एकाचे, राखण सर्वांची

(सिकलसेलच्या आजाराविषयी गावच्या सभेत केलेले भाषण)



दुखणी दोन प्रकारची असतात. पडसे, खोकला, हगवण ही चार दिवसांची दुखणी. औषध घेतले, पथ्य पाळले, की ती जातात. दुसरी दुखणी जन्माची असतात. ती घरातच राहतात. त्यांना घेऊनच संसार करावा लागतो.

आज अशाच एका दुखण्याविषयी बोलायचे आहे. त्याचे नाव सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती या जिल्ह्यांत ते पुष्कळ घरांत आहे. तिकडे सातपुड्यात, नंदुरबारकडेही आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी ते असेल. काहींच्या घरी असूनही त्यांना ठाऊक नसेल.

मी एकच गोष्ट सांगायला उभी आहे. धान पिकायला लागले की आपण माळ्यावर बसून जागल करतो. नाहीतर रानडुकरे एका रात्रीत बांधी तुडवून जातात. पण एकटा माणूस किती रात्री जागेल? म्हणून आपण पाळी लावतो. आज बाप, उद्या मुलगा, परवा भाऊ. सिकलसेलचेही तसेच आहे. दुखणे एकाच्या अंगात असते. त्याची राखण मात्र पाळीने, सगळ्यांनी करायची असते.

आधी हे दुखणे काय आहे ते समजून घेऊ.

सिकल हा इंग्रजी शब्द आहे. सिकल म्हणजे विळा. सेल म्हणजे पेशी. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या इतक्या बारीक असतात, की डोळ्यांना दिसत नाहीत. चांगली पेशी गोल आणि मऊ असते. पेढा मध्ये बोटाने दाबावा, तसा तिचा आकार. ती सगळ्या अंगाला प्राणवायू पोचवते. वाट अरुंद असली तरी ती दबून, वाकून पार होते.

सिकलसेलच्या रोग्याची पेशी वेगळी असते. प्राणवायू देऊन झाला, की ती कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. मग ती अरुंद वाटेत अडकते. पाटात काटक्या आडव्या आल्या तर काय होते? पाणी तुंबते. पुढचा वाफा कोरडा राहतो. तसेच इथे होते. रक्त अडते आणि त्या जागी जीवघेणी कळ उठते. कधी हातापायांत, कधी पाठीत, कधी छातीत. रोगी ओरडतो, "माय वं, हाडात कोणी खिळे ठोकून राह्यलं!" पण वरून काही दिसत नाही. जखम नाही, रक्त नाही. मग लोक म्हणतात, "कामाची चोरी करते. सोंग करते." मंडळी, ते सोंग नसते. ती कळ खरी असते.

आणखी एक. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. त्यामुळे रोग्याला रक्त कमी पडते. थोड्या कामाने दम लागतो. डोळे पिवळे दिसतात. हे पिवळेपण पाहून घाबरू नका. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात निजल्याने, हात धरल्याने सिकलसेल दुसऱ्याला लागत नाही.

मग तो येतो कोठून?

तो आईबापांकडून येतो. दोघांकडून येतो. हा 'दोघांकडून' शब्द नीट ध्यानात ठेवा. या एका शब्दावाचून कितीतरी संसार मोडले आहेत.

असे एक घर डोळ्यांपुढे आणा. घरात सासूसासरे आहेत, मुलगा आहे, सून आहे. सुनेला मुलगा होतो. सहा महिने बाळ गुटगुटीत असते. मग एके दिवशी त्याच्या हातापायांची बोटे सुजतात. बाळ रात्रभर रडते. पुढे वरचेवर ताप येतो. कोणी म्हणते नजर लागली. कोणी म्हणते बाहेरची बाधा. भुमक्याला दाखवतात. अंगारा लावतात. पोट फुगले म्हणून तापल्या सळईने डाग देतात. शेवटी दवाखान्यात नेतात आणि कळते की सिकलसेल आहे. सासू सुनेकडे पाहून म्हणते, "तुह्या माहेरचंच रगत खराब. आमच्या घराण्यात असं कोणाले नव्हतं."

सून मान खाली घालते. तिला वाटते, खरेच माझाच दोष असेल.

मग नर्सबाई नवऱ्याचेही रक्त तपासते आणि त्याच्याही रक्तात तोच गुण निघतो. कारण एका बाजूने आलेल्या वाट्याने बाळ आजारी पडत नाही.

हे असे का, ते सांगते. प्रत्येक मुलाला या गुणाचे दोन वाटे मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही वाटे चांगले आले तर काहीच नाही. एक चांगला आणि एक सिकलचा आला तर तो माणूस 'वाहक' होतो. वाहक बहुधा धडधाकट असतो. नांगर धरतो, रोवणी करतो, म्हातारा होतो. त्याला कधी कळतही नाही. दोन्ही वाटे सिकलचे आले, तर माणूस सिकलसेलचा रोगी होतो.

आईबाप दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणात चार चिठ्ठ्या टोपलीत आहेत असे समजा. एक निरोग्याची, दोन वाहकाच्या, एक रोग्याची. दर वेळी चारही चिठ्ठ्या नव्याने टोपलीत पडतात. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही चांगली होतील असे नाही. दोन मुले चांगली झाली म्हणून तिसरे आजारी होईल असेही नाही. हे कोणाच्या पापाने होत नाही. कोणाच्या करणीने होत नाही. आणि एकट्या बाईमुळे तर कधीच होत नाही.

आता कोणी म्हणेल, "हा खोटा वाटा आपल्याच भागात का आला?" याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे.

हा आजार काही आपल्याच भागात नाही. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस देशात आहे. १९१० साली अमेरिकेतील शिकागोच्या डॉक्टर जेम्स हेरिक यांनी त्याचे वर्णन प्रथम छापले. त्यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्या होत्या. आपल्या देशात १९५२ साली दक्षिणेच्या निलगिरी डोंगरातील आदिवासींच्या रक्तात तो आढळला. पुढे मध्य भारतात, गुजरातेत, ओडिशात आणि आपल्या महाराष्ट्रातही तो दिसला.

या सगळ्या मुलखांत एक गोष्ट सारखी होती. तेथे हिवतापाची साथ फार होती. हिवतापाने मुले पटापट मरत. पण ज्यांच्या अंगात सिकलचा एकच वाटा होता, ती मुले जिवावरच्या हिवतापातून जास्त वाचत. ती मोठी झाली, त्यांना मुले झाली, आणि तो वाटा पुढे चालत आला. म्हणजे ज्या वाट्याला आपण आज नावे ठेवतो, त्याच वाट्याने कधीकाळी आपल्या पणजोबाला वाचवले असेल! मग त्याची लाज कशाची? मात्र दोन वाटे असलेल्या रोग्याला हिवताप फार बाधतो. त्याने मच्छरदाणीतच निजावे.

हा आजार एका जातीचा नाही. आदिवासींत आहे, दलितांत आहे, इतरही अनेक जातींत आहे. म्हणून कोणी कोणाला हिणवू नये.

आता राखणीची पाळी कोणाची, ते पाहू.

पहिली पाळी स्वतः रोग्याची. पाणी हा त्याचा पहिला सोबती. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. शेतात जाताना पाण्याची बाटली विसरू नये. पाणी कमी पडले की रक्त आटते आणि पेशी लवकर अडकतात. थंडीने कळ उठते. म्हणून पहाटे तलावात, नदीत अंघोळ करू नये. ऊन पाण्याने करावी. पावसात भिजल्यास लगेच अंग कोरडे करावे. भर उन्हात मोहफुले वेचत किंवा तेंदूपाने तोडत फिरू नये. दारू, तंबाखू, बिडी यांच्या वाटेला जाऊ नये.

औषध रोज घ्यावे. फॉलिक ॲसिडची गोळी नवे रक्त तयार व्हायला मदत करते. हायड्रॉक्सियुरिया नावाचे दुसरे औषध आहे. ते घेतल्याने पुष्कळ रोग्यांची कळ वरचेवर येत नाही. रक्त चढवण्याची पाळीही कमी येते. पण त्याचा गुण यायला काही महिने लागतात. कित्येक जण महिनाभर घेतात आणि म्हणतात, "फरक नाही." आणि सोडतात. दुसरे काही जण बरे वाटले की सोडतात. दोन्ही चूक. डॉक्टर सांगतील तोवर घ्यावे आणि सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे. मूल हवे असेल तर नवरा असो की बायको, आधी डॉक्टरांना सांगावे. पोटात बाळ असताना हे औषध चालत नाही.

लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. रक्त कमी आहे म्हणजे लोह कमी आहे, असे या आजारात नसते. तपासून डॉक्टरांनी दिल्या तरच घ्याव्यात.

दुसरी पाळी घरच्यांची. कळ उठली की रोग्याला ऊबदार जागी निजवा. प्यायला भरपूर द्या. दुखऱ्या भागाला ऊन कपड्याने शेका. बर्फ लावू नका. डॉक्टरांनी सांगून ठेवलेली दुखण्याची गोळी, सांगितली तेवढीच द्या. आणि जवळ बसा. "पुन्हा सुरू झालं याचं!" असे म्हणू नका. कळ सोसताना आपले माणूस जवळ बसलेले असणे, याने फार धीर येतो.

पण काही खुणा अशा आहेत, की तेथे घरचे उपाय करत बसू नये. ताप १०१ अंशांपर्यंत गेला. छातीत दुखू लागले किंवा श्वास लागला. चेहरा एकाएकी पांढरा पडला. डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढून पोट फुगले. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एक हात किंवा पाय लुळा पडला. गोळी देऊनही कळ थांबत नाही. यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि दवाखाना गाठा. पुरुषाचे इंद्रिय दुखून तासन् तास ताठ राहते, हीही याच आजाराची खूण आहे. मुलगे लाजेने सांगत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवा, की यात लाजायचे नाही, लगेच बोलायचे.

देवाला नारळ वाहायचा असेल तर जरूर वाहा. भुमक्यालाही मान द्या. पण आधी गाडी दवाखान्याकडे वळवा. आणि लेकरांच्या पोटावर डाग देऊ नका. त्या डागाने दुखणे जात नाही. लेकराच्या अंगावर आणखी एक जखम मात्र होते.

लहान मुलांच्या सर्व लशी वेळेवर टोचून घ्या. पाच वर्षांपर्यंतच्या रोगी बाळाला जंतूंपासून वाचवायला डॉक्टर पेनिसिलिन देतात. ते चुकवू नका. सिकलसेलच्या बाईला दिवस गेले तर पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा.

तिसरी पाळी शाळेची आणि कामाची. गुरुजींना सांगा, की या मुलाला वर्गात पाणी पिऊ द्या. त्याला लघवीला वरचेवर लागते, तेव्हा जाऊ द्या. पावसात कवायत करायला लावू नका. गैरहजर राहिला तर छडी नको, बुडालेला धडा शिकवा. आजारी म्हणून मुलाचे नाव शाळेतून काढू नका. उलट याच मुलाला शिक्षणाची जास्त गरज आहे. उद्या त्याला अंगमेहनतीचे काम झेपणार नाही. बसून करायचे काम शिकले, तरच तो आपल्या पायावर उभा राहील.

शेतमालकांनाही माझे सांगणे आहे. रोवणीत दिवसभर गार चिखलात उभे राहणे या माणसाला सोसत नाही. त्याला कोरड्यात बसून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधायला द्या. घटकाभर विसावा द्या. तो आळशी नाही. त्याला जमेल ते काम दिले तर तो मनापासून करील.

चौथी पाळी गावाची. एका घराची राखण एका घराला झेपत नाही. रात्री बारा वाजता गाडीभाडे लागते. रक्त चढवायचे तर रक्त देणारा लागतो. आई दवाखान्यात राहिली तर मागे धाकट्यांना भाकरी कोण देणार? म्हणून ज्या घरांत हा आजार आहे, त्यांनी महिन्यातून एकदा जमावे. बाजाराचा दिवस ठरवावा, म्हणजे कोणाची मजुरी बुडत नाही. झाडाखाली तासभर बसावे. कोणाला कशाने बरे वाटले, कोणत्या दिवशी डॉक्टर भेटतात, कोणता कागद कोठे मिळतो, हे एकमेकांना सांगावे. बायकांच्या बचत गटाने गाडीभाड्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत. गावातील धडधाकट तरुणांनी आपला रक्तगट तपासून नावे लिहून ठेवावीत.

असे बसल्याने दुखणे जात नाही, हे खरे. पण ज्या आईला वाटत होते की हे माझ्याच नशिबी आले, तिला शेजारी आणखी चार आया दिसतात. तिची मान वर होते. एवढ्यासाठी तरी बसावे.

पाचवी पाळी सरकारची, आणि ती आपण मागून घ्यायची असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. जन्मापासून ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासायचे, असे तिने ठरवले. तपासणीला पैसे पडत नाहीत. बोटातून थेंबभर रक्त घेतात. त्यात दोष दिसला तर दुसरी तपासणी करून वाहक की रोगी ते ठरवतात. आशाताईला विचारा, ती सगळे सांगेल. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचे नाव आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासून तसे प्रमाणपत्र घेता येते. प्रमाणपत्र असेल तर मुलाला परीक्षेत जादा वेळ मागता येतो. एस.टी.च्या सवलतीची चौकशी आगारात करा. सरकारी रक्तपेढीने या रोग्यांना रक्त विनामूल्य द्यावे, असाही नियम आहे. हे उपकार नाहीत. हा हक्क आहे.

आता लग्नाचे बोलू. सोयरीक जमवताना आपण कूळ पाहतो, गोत पाहतो, शेती पाहतो. त्याआधी मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही रक्त तपासा. वाहकाचे लग्न ज्याच्या रक्तात असा दोष नाही त्याच्याशी झाले, तर त्यांचे एकही मूल सिकलसेलचे रोगी होत नाही. म्हणून वाहक मुलीला 'खोटी' म्हणून परत पाठवू नका. वाहक-वाहकाची गाठ पडू नये, एवढेच पाहायचे. आणि ज्यांची गाठ आधीच पडली आहे, त्यांनी घाबरू नये. बाईला दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. पोटातील बाळाची तपासणी पहिल्या महिन्यांत मोठ्या दवाखान्यात होते. पुढे काय करायचे ते त्या दोघांनी ठरवावे. गावाने तोंड घालू नये.

काही जण विचारतील, "हा आजार मुळापासून जातच नाही का?" हाडातील मगज बदलण्याचा उपाय आहे. त्याने काही रोगी पुरते बरे झाले आहेत. पण त्याला जुळणारा दाता लागतो, मोठा खर्च लागतो, आणि जिवाला धोकाही असतो. २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत रोग्याच्या स्वतःच्या पेशी सुधारून देणाऱ्या नव्या उपचाराला मंजुरी मिळाली. तोही फार महाग आहे. उद्या तो आपल्यापर्यंत येवो. पण आजचा दिवस उद्याच्या भरवशावर घालवायचा नाही. पाणी, गोळी, लस, ऊब आणि सोबत या आज आपल्या हातात आहेत.

शेवटी एक काम सांगते. तुम्ही नुकतेच लिहायला शिकला आहात. त्या अक्षरांना आता कामाला लावा. एक वही घ्या. पहिल्या पानावर रोग्याचे नाव, वय, रक्तगट आणि आजाराचे नाव लिहा. दुसऱ्या पानावर औषधांची नावे लिहा. पाकिटावरून एकेक अक्षर पाहून उतरवा, आणि औषधाची मुदत संपली का तेही वाचा. मग तारीख घालून लिहीत चला. कळ कधी उठली, किती दिवस राहिली. ताप किती होता. रक्त कधी चढवले. लस कधी टोचली. डोळे कधी तपासले.

ही वही दवाखान्यात सोबत न्या. नवा डॉक्टर असला तरी त्याला सगळे कळेल. उद्या तुम्ही घरी नसाल, तर शेजारीणसुद्धा ती वही घेऊन लेकराला दवाखान्यात नेऊ शकेल. राखणीची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे अशीच जाते.

आज घरी गेल्यावर वहीचे पहिले पान लिहा. आणि येत्या बाजाराच्या दिवशी झाडाखाली जमा.